मेलेलं दही

दुधाच्या कारखान्यात तिला सगळे विरजणताई म्हणत. तोंडावर ताई आणि पाठीमागे नुसतं विरजण. "आज विरजण कडक आहे" असा निरोप सकाळी फाटकावरून आत पोचला की माणसं नखं तपासत, टोपीखाली केस कोंबत आणि निमूट कामाला लागत. नाकावर माशी बसू देत नसे ती. पण एकतीस वर्षांत तिच्या हातचं दही फसलं असं फक्त एकदाच झालं होतं, त्यामुळे तिच्या रागाबद्दल तक्रार करायची कुणाची छाती नव्हती.

तिची खोली बारा फूट बाय पंधरा. एक उबेचं कपाट, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज आणि फ्रीजमध्ये बोटाएवढ्या काचेच्या नळ्या. त्या नळ्यांत जिवाणू झोपलेले. रोज सकाळी सहाला ती त्यांतल्या एका नळीला जागं करी. नळीतून बाटलीत, बाटलीतून किटलीत, किटलीतून चार हजार लिटरच्या टाकीत. टाकीत दही लागलं की ती स्वतः नमुना घेई, काचेच्या थाळीत पसरे आणि दोन दिवस उबेत ठेवी. थाळीवर उगवलेले पांढरे ठिपके मोजून हिशेब करी, की या दह्याच्या एका चमच्यात किती कोटी जीव आहेत. तो आकडा गुलाबी कार्डावर लिहायचा आणि खाली सही करायची. तोवर तो माल शीतगृहात थांबे. गुलाबी कार्ड हातात आल्याशिवाय फाटकवाला ट्रक सोडत नसे. हा नियम कारखान्याइतकाच जुना होता.

दुसरा नियम तिचा स्वतःचा. पंधरा वर्षांपूर्वी पॅकिंगचा एक माणूस घाईत, हात न धुता तिच्या खोलीत येऊन गेला आणि पुढचे तीन दिवस टाकीत दही लागलं नाही. त्याच्याबरोबर काहीतरी आत आलं होतं आणि त्याने विरजण खाऊन टाकलं होतं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. पॅकिंगकडचं कुणी तिच्या खोलीत यायचं नाही आणि तीही तिकडे जाणार नाही. येणं बाजूच्या दाराने, जाणं बाजूच्या दाराने. डबा खोलीबाहेरच्या बाकावर. कार्ड आणि नमुने भिंतीतल्या वीतभर खिडकीतून. स्वतःलाही सूट नाही. परिणामी, पंधरा वर्षं आपलं दही डबीत कसं जातं हे तिने डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. त्याची तिला कधी गरजही वाटली नाही.

घरी तिचा नवरा. एकोणतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. चालकाच्या खुर्चीत बसून पोटाला आणि बाकी सगळ्याला वेळापत्रकात बसवण्याची त्याची हातोटी होती. साडेतीन तासांच्या फेरीत तो जागचा उठत नसे आणि याचा त्याला अभिमान होता. तोच माणूस आता खोलीतून संडासापर्यंतची पावलं मोजून ठेवून होता. अकरा. दिवसातून आठ-नऊ वेळा ती अकरा पावलं. वजन नऊ किलोने उतरलेलं. बागेतल्या बाकावर जुन्या चालकांचा अड्डा भरे, तिथे जाणं त्याने बंद केलं होतं. मध्येच उठावं लागलं तर काय, या भीतीने.

झालं होतं ते असं. दाढ सुजली म्हणून तो औषधाच्या दुकानात गेला आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन आला. पाच दिवसांनी दुसऱ्या रंगाच्या. मग खोकला झाला, तेव्हा उरलेल्या त्या आणि वर आणखी नव्या. दोन महिन्यांत तीन वेळा. डॉक्टरला विचारलं एकदाही नाही.

"दुकानदाराने दिल्या," तो म्हणाला होता.

"दुकानदार डॉक्टर कधी झाला? उद्या तो म्हणेल बस चालवतो, द्याल चालवायला?"

"अगं, दाढ थांबली ना दुखायची."

"दाढ थांबली. बाकी सगळं सुटलं."

तिचा राग वेगळाच होता, कारण तिला हे आधीपासून ठाऊक होतं. तिच्या कामात ही गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. गाईच्या कासेला सूज आली आणि तिला प्रतिजैविक टोचलं, तर पुढचे काही दिवस तिचं दूध फेकून द्यावं लागतं. एखादा गोठेवाला लपवून ते दूध देतो. दिसायला पांढरंशुभ्र, वासाला चांगलं. त्यात विरजण घाला आणि दिवसभर वाट पाहा, दूध दूधच राहतं. असे किती टँकर तिने फाटकातून परत पाठवले होते, टँकरवाल्यांच्या शिव्या खाऊन. टँकर परत पाठवता येतो. नवऱ्याला कुठे पाठवणार?

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. मोठा आजार निघाला नाही. मग त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आतड्यात आपले अब्जावधी जिवाणू असतात. आपल्याला न पचलेलं ते पचवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला खाऊ मिळतो. शिवाय जागा अडवून बसतात, म्हणून वाईट जिवाणूंना शिरायला वाव मिळत नाही. गोळ्यांनी वाईटांबरोबर हेही मेले. वस्ती उठली. आता ती परत बसायला वेळ लागेल. भाज्या, फळं, डाळी थोड्या थोड्या वाढवा. आणि जिवंत दही. दही हे औषध नाही, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. पण मदत होऊ शकते."

"दही मी करते," विरजणताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने हे कौतुकाने सांगितलं असेल.

त्या दिवसापासून रोज दोन डब्या घरी येऊ लागल्या. कामगारांना त्या मिळतच. झाकणावर हिरवं पान आणि खाली ओळ: जिवंत जिवाणूंपासून बनवलेले, निरोगी पोटासाठी. नवरा सकाळी एक खाई, दुपारी एक. सहा आठवडे झाले. अकरा पावलं तशीच.

"तुझं दही माझ्यावर रुसलंय," तो म्हणे.

"तुम्ही त्याच्या भाईबंदांना मारलंत. रुसेल नाही तर काय करेल."

मग कारखाना तीन दिवस धुलाईसाठी बंद राहिला. घरात शेवटची एक डबी उरली. एकतीस वर्षांत विरजणताईने घरी दही लावलं नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती. तिने सुनेला हाक मारली. सून सरकारी दवाखान्यात परिचारिका, लसींच्या शीतपेटीचं तापमान दिवसातून दोनदा नोंदवणारी. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

"दूध उकळून कोमट कर. मग डबीतलं चमचाभर घाल, झाकून ठेव. दुपारपर्यंत लागेल."

दुपारी झाकण काढलं तर दूध. नुसतं दूध, वर साय.

"जास्त गरम होतं," विरजणताई म्हणाली.

"नव्हतं, आई."

"मग हे काय? एकतीस वर्षं हेच करतेय मी. गरम दुधात घातलं की मरतं ते. तुझ्या आईने कोमट म्हणजे काय हे शिकवलं नाही का?"

सुनेने पातेलं ओट्यावर ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या आईने हात घालून पाहायला शिकवलं होतं. मी थर्मामीटर घालून पाहिलं. बेचाळीस होतं."

"तुझं थर्मामीटर मोडलं असेल."

"लसींना चालतं तेच. तुमच्या दह्याला मात्र चालत नाही."

सून आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं, आणि ते जास्त लागलं. नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "पोट माझं बिघडलंय, भांडणं तुमची." त्यावर त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दूध तापवलं. स्वतः निववलं. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजलं. आणि सुनेला कळू नये असं तेच थर्मामीटरही घातलं. बेचाळीस. डबीतला चमचा घातला, पातेलं गोधडीत गुंडाळलं आणि समोर खुर्ची टाकून बसली, जणू ते पळून जाणार होतं. सहा तास. संध्याकाळी पाचला झाकण काढलं. दूध.

तिने बोटांवर एकेक गोष्ट मोजली. दूध नीट होतं. हात नीट होता. थर्मामीटरही नीट होतं. आता एकच गोष्ट उरली होती, डबीतलं दही, आणि त्याच्यावर संशय घ्यायचं तिच्या मनात आलंच नव्हतं, कारण त्याच्यावर तिची स्वतःची सही होती.

कारखाना उघडला त्या सकाळी ती डबीतलं उरलेलं दही घेऊन गेली. थाळीत पसरलं, उबेत ठेवलं. शेजारी टाकीतल्या ताज्या दह्याची थाळी. दोन दिवसांनी टाकीची थाळी ठिपक्यांनी भरून गेली होती. डबीची थाळी आरशासारखी स्वच्छ. म्हणजे टाकी आणि डबी यांच्यामध्ये कशाने तरी, बहुधा उष्णतेने, ते मेले होते.

बॉयलरवाला दादा तिच्या बाकावर चहा प्यायला येई, तो एकटाच तिला न घाबरणारा. तिने त्याला विचारलं, "दादा, पॅकिंगला वाफ जाते का हो?"

"जाते की. तो बोगदा बसवलाय ना, चार महिने झाले. तुम्हाला माहीत नाही?"

"कसला बोगदा?"

"डब्या सीलबंद झाल्या की पट्ट्यावरून त्यातून जातात. बाहेर आल्यावर हाताला चटका बसतो. म्हणे दही दोन महिने टिकतं आता, फ्रीजशिवाय. लांबच्या गावांना पाठवायचंय." त्याने कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? मला वाटलं, तुम्हाला विचारूनच बसवलाय."

"किती तापतं आत?"

"काट्यावर पंचाहत्तर असतं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असं तिला तोवर वाटत होतं. ते खोटं होतं. ती उठली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा पॅकिंगच्या दारातून आत गेली. टोपीत, पांढऱ्या कोटात, पायांत खोलीतले स्वच्छ बूट. माणसांनी काम थांबवलं. पट्ट्यावरून डब्या येत होत्या, हिरवं पान वर, एकामागून एक, शाळेच्या रांगेसारख्या. पत्र्याच्या बोगद्यात शिरत होत्या आणि पलीकडून घाम सुटलेल्या बाहेर पडत होत्या. तिने एक डबी उचलली. खरोखरच चटका बसला. पहाटे उठून तिने ज्यांना जागं केलं, दूध पाजलं, कोटींत मोजलं, ते सगळे या डबीत होते. एकही जिवंत नव्हता. आणि सहा आठवडे हीच डबी ती नवऱ्याला दिवसातून दोनदा खायला घालत होती.

गरम डबी हातात घेऊनच ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिच्या मुलाच्या वयाचे, बोलायला गोड.

"बसा ना, ताई."

"उभीच बरी आहे. हे मेलंय."

"चव बघा. काही फरक नाही. घट्टपणा तोच."

"मी चवीचं बोलत नाहीये. झाकणावर काय लिहिलंय?"

"जिवंत जिवाणूंपासून बनवलेले. बनवलेलंच आहे ना? आत आता जिवंत आहेत असा दावा आपण कुठे केलाय?"

"आणि माझं कार्ड?"

"तुमचं कार्ड शंभर टक्के खरं असतं, ताई. टाकीत ते जिवंतच असतात. मला तुमचा आकडा नेहमी अभिमानाने दाखवता येतो."

तिला वाटलं, याने हात उगारला असता तर बरं झालं असतं. हा तिच्या खऱ्या आकड्याचं पांघरूण करून खोटं झाकत होता, आणि वर कौतुक करत होता.

"लोक हे पोटासाठी घेतात," ती म्हणाली.

"लोक चवीसाठी घेतात. आणि कुणाला अपाय तर होत नाही. नुकसान काय झालं?"

"या आमच्या घरी. संडासाच्या दाराबाहेर खुर्ची देते बसायला. सकाळी या, गर्दी असते."

साहेबांचं हसू गेलं. "तुमची आठ महिन्यांची नोकरी राहिलीय, ताई. शांतपणे घ्या. तुमचं काम टाकीपर्यंत. पुढचं आमचं."

"कार्ड कुठपर्यंत जातं?"

"म्हणजे?"

"कार्ड टाकीला लावतात की ट्रकला?"

"ट्रकला," साहेब म्हणाले.

"मग नमुनाही ट्रकमधल्या डबीचाच घेईन. दोन दिवसांनी कार्ड पाठवते."

पुढचे दोन दिवस विरजणताई कुणाशी बोलली नाही. घरीही नाही. तिने बोगद्याच्या पलीकडून मोजून दहा डब्या घेतल्या, सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या. दहा थाळ्या मांडल्या, प्रत्येकीवर डबीचा क्रमांक. अकरावी थाळी टाकीची, म्हणजे उबेच्या कपाटात बिघाड होता असं कुणी म्हणायला नको. मधल्या काळात साहेबांचा निरोप दोनदा आला. एकदा चिठ्ठीने, एकदा माणसाने. ती चिठ्ठी तिने वाचून परत खिडकीतून बाहेर सरकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने कपाट उघडलं. दहा थाळ्या कोऱ्या. अकरावी भरलेली. तिने गुलाबी कार्ड घेतलं. पेन हातात घेऊन ती थोडी थांबली, हे कबूल करायला हवं. घरी आजारी माणूस, आठ महिने उरलेले, आणि पहिल्यांदाच सहीला हात जड वाटत होता. मग तिला सुनेचं हळूच लावलेलं दार आठवलं. दोष नसताना तिने बिचारीच्या आईला मध्ये आणलं होतं. कशाच्या जोरावर? या कार्डाच्या. या सहीच्या. जिवाणूंच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं, त्याच्यापुढे अक्षरांत "एकही नाही" असं लिहिलं आणि सही केली. पूर्ण नावाची, ठळक.

फाटकवाला नियमाचा पक्का होता. शून्याचं कार्ड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. नऊला त्याने ट्रकपुढे दांडा आडवा केला आणि चालकाला सांगितलं, "विरजण म्हणतंय आत काही नाही. मी सोडणार नाही."

साडेनऊला साहेब तिच्या खोलीच्या दारात आले.

"बूट काढा," ती म्हणाली.

त्यांनी काढले. मोज्यांवर उभे राहिले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. "ताई, काय मांडलंय हे? ट्रक उभा आहे. दुसऱ्या कुणाकडून सही घेता येईल मला."

"घ्या. त्याला या दहा थाळ्या दाखवा आणि मग सही मागा. माझ्या हाताची सही मेलेल्यावर जिवंत म्हणून लागणार नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे टँकर परत पाठवले. आज आपला पाठवतेय."

"यातून काय मिळवणार तुम्ही?"

"माझ्या नवऱ्याचे सहा आठवडे मिळतील का परत? नाही ना? मग मिळवायचं काही नाही. झाकण खरं करा नाहीतर दही खरं करा. दोन्ही जमत नसेल तर फाटक बंद ठेवा."

ट्रक नऊपासून चारपर्यंत उन्हात उभा राहिला. चालक सावलीत झोपला. फोन वरच्या कार्यालयात गेले, तिथून आणखी वर गेले. वरच्यांना कार्डाची भीती वाटली असावी, कारण ते लिहिलेलं होतं, सही केलेलं होतं आणि फाटकवाल्याने त्याची नोंद वहीत करून टाकली होती. चारला हुकूम आला. झाकणावरची ओळ जाईल. नवी झाकणं येईपर्यंत जुन्यांवर कोरी पट्टी चिकटवायची. हिरवं पान राहील. बोगदाही राहील.

पॅकिंगचे सगळे पट्ट्या चिकटवायला बसले आणि ती भिंतीतल्या खिडकीतून पाहत राहिली. कुणीतरी म्हणालं, "जिंकलात की, ताई." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची पट्टी वाकडी चिकटली. काय जिंकलं? खोटं पुसलं गेलं, एवढंच. दही मेलेलंच राहणार होतं. पहाटे सहाला ती त्यांना जागं करणार, कोटींनी वाढवणार आणि दुपारी ते पत्र्याच्या बोगद्यात मरणार. आठ महिने, रोज. राग ओसरायला जागाच नव्हती.

घरी जाताना तिने टाकीतल्या दह्याची एक छोटी बाटली सोबत घेतली. फाटकवाल्याला चिठ्ठी दिली: एक बाटली विरजण, घरच्या वापरासाठी. त्याने चिठ्ठी वाचली, बाटली उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "हे जिवंत आहे ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सून ओट्याशी होती. विरजणताईने बाटली तिच्यापुढे ठेवली.

"दूध तू तापव."

"मी?" सुनेने मागे वळून पाहिलं नाही. "माझ्या आईने शिकवलेलं नाहीये."

विरजणताईच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं. ते खाली उतरायला वेळ लागला.

"दूध बरोबर होतं," ती म्हणाली. "बेचाळीसच होतं. तू म्हणालीस तेच खरं होतं. मीच मेलेलं आणलं होतं घरी."

सुनेने पातेलं शेगडीवर चढवलं. दूध वर आलं तशी शेगडी बंद केली. मग तिने थर्मामीटर काढलं, धुतलं, आणि दूध निवल्यावर त्यात बुडवून सासूपुढे धरलं. "बेचाळीस. लिहून देऊ?"

"लिहून दे. खाली सही कर."

आणि तिने खरोखरच केली, कॅलेंडरच्या मागे, तारीख घालून.

दुपारी दोनला झाकण काढलं. दही लागलं होतं. पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही, कडेला फक्त थोडं पाणी सुटलं. नवरा वाटी घेऊन आला. पहिला चमचा खाऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे."

"जिवंत आहे," विरजणताई म्हणाली. "बरं कधी वाटेल ते मी सांगणार नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वेळ लागेल. मुकाट्याने खा, आणि त्या भाज्याही संपवा. पुन्हा औषधाच्या दुकानात पाय ठेवलात तर मी स्वतः तुम्हाला त्या बोगद्यातून काढीन."

तो खात राहिला. तिने पातेल्यातलं चमचाभर दही स्वच्छ वाटीत काढलं, वर झाकण ठेवलं आणि वाटी फ्रीजमध्ये मागच्या बाजूला सरकवली. उद्याच्या विरजणासाठी. मग सुनेकडे वळून म्हणाली, "या वाटीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." दारापर्यंत गेली आणि परत आली. "आणि तुझ्याशिवाय."